छातीवरचं बारसं

माझ्या नवऱ्याची छाती चव्वेचाळीस आहे. हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे, कारण तो मला बघायला आला तेव्हा चहाचा कप हातात देता देता मी नजरेनं त्याचं माप घेऊन टाकलं होतं. आता मुरुडला माझं ब्लाउजचं दुकान आहे, तेव्हा माहेरी आईच्या मशीनवर शिवायची. पण सवय तीच. माणूस मला आधी खांद्यांपासून दिसतो, चेहरा मागाहून. रामलिंगचे खांदे बघून वाटलं होतं, हा गडी घरात शिरला की घर भरेल.

कसलं भरतंय! सासुरवाडीला आला की हा गळ्यापर्यंत गुंड्या लावून सतरंजीच्या कडेला बसायचा, जणू सतरंजी उसनी आणलीय. स्वतःच्या वेल्डिंगच्या दुकानात ठिणग्या उडत असताना मोठमोठ्यानं हसणारा माणूस, पण इथं पाणी मागायचं तरी मला खुणावायचा. आणि माझी आई, कस्तुराबाई, त्याच्याहून वरचढ. जावयाची चाहूल लागली की पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत, आणि बोलणं भिंतीशी. "जावईबापूंना म्हणावं, च्या ठिवलाय." जावईबापू हातभर अंतरावर बसलेले असायचे. भिंतीनं कधी निरोप पोचवला नाही, पण चहा प्यायला जायचा.

या दोघांना एका खोलीत कोंडण्याचं काम माझ्या लेकीनं केलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मुखेडजवळच्या आमच्या गावी आले होते. दिवस भरायला बराच अवकाश होता आणि माझं बीपी चढलं. गाडी करून नांदेडला नेलं, सिझर झालं, आणि लेक आली ती पावणेदोन किलोचीही नाही. काचेच्या पेटीत तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडूही आलं नाही. इतक्या लहान मापाचं झबलं मी आयुष्यात कापलं नव्हतं, हाच विचार आधी आला.

पेटीतून बाहेर आल्यावर घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, "पेटी काही तुमच्याबरोबर देता येत नाही. आता तुम्हीच पेटी व्हायचं. बाळाला टोपी आणि लंगोट, बाकी उघडं. तुमच्या उघड्या छातीला उभं बांधायचं, वरून पांघरूण. दिवसभर, जमेल तितकं. दूध पिळून वाटी-चमच्यानं द्यायचं. आणि रोज अंगावर लावून बघायचं. आज ना उद्या ती स्वतः शोधायला लागेल. तेव्हा एक क्षण घालवू नका."

मी मान डोलावली. रामलिंगनंही डोलावली, कारण त्याला वाटलं हे सगळं मला सांगणं चाललंय.

घरी येऊन मी बाजेवर पडले, लेकीला छातीशी बांधलं. रामलिंग पोचवायला आलेला, तो दुसऱ्या दिवशी एसटीनं मुरुडला जायला निघाला. बॅग भरून अंगणात उभा. तेवढ्यात मला हुडहुडी भरली. टाके पिकले होते. मुखेडच्या डॉक्टरांनी घरी येऊन पट्टी केली, औषधं दिली आणि दूध पाजायला काही हरकत नाही असं बजावून सांगितलं. पण लेकीचा पाय पोटाला नुसता लागला तरी माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मी नांदेडला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "तिचे वडील कुठे आहेत?"

वडील अंगणात बॅग घेऊन उभे होते.

"अहो," मी खिडकीतून हाक मारली, "बॅग ठेवा. शर्ट काढा."

आमच्या अंगणात तेव्हा आई होती आणि नागुआजी होती. नागुआजी म्हणजे नागुबाई, माझ्या वडिलांची चुलती. आमच्या गल्लीतली निम्मी लेकरं तिच्या हातची न्हालेली, त्यामुळं बाळंतिणीच्या खोलीत तिचा शब्द शेवटचा. ती तांदूळ निवडत होती. माझी हाक ऐकून सूप तसंच राहिलं.

"काय म्हणून राहिली ही पोरगी? ताप डोक्यात गेला काय?"

मी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. नागुआजीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत गडी माणूस? त्योबी जावई? त्योबी उघडा? माझ्या हयातीत न्हाई झालं असलं." आई भिंतीकडं वळली, पण भिंतीला काय सांगावं हे तिला सुचेना. दादा, म्हणजे माझे वडील ग्यानोबा, हरभऱ्याला पाणी द्यायचंय म्हणून जे निघून गेले ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. पाणी आदल्या दिवशीच देऊन झालं होतं.

रामलिंग आत आला. दार लावलं. कडी लागली की नाही हे दोनदा बघितलं. मग पाठमोरा उभा राहून एकेक गुंडी काढायला लागला. लग्नाला तीन वर्षं झालेला माणूस, आणि बायकोसमोर असा लाजतोय! मला ताप होता, पोटात आग होती, तरी हसू आलं. लेकीला त्याच्या छातीवर उभं ठेवलं, माझ्या जुन्या सुती साडीचा पट्टा करून बांधलं, वरून शाल. ती तिथं एखाद्या खिशाएवढी दिसत होती. तिनं जरा कुंथल्यासारखं केलं, गाल टेकला आणि झोपली. रामलिंग श्वास रोखून बसला.

"अहो, श्वास घ्या," मी म्हणाले. "त्यानंच तर तिला कळणार ना, कसा घ्यायचा ते."

गावात बातमी पसरायला काय लागतंय! ग्यानोबाचा जावई बाळंतीण झाला म्हणून पारावर चेष्टा सुरू झाली. कुणी त्याला डिंकाचे लाडू पाठवू का विचारलं, तर कुणी घरजावई म्हणून मोकळा झाला. मला राग यायचा. त्याला नाही. तो म्हणायचा, "बोलू दे की. त्यांच्या छातीवर कोण झोपतंय?" दुकान गड्यावर सोपवून तो राहिला आणि बाजेच्या बाजूला खुर्ची टाकून, भिंतीला टेकून, दिवसचे दिवस लेकीला घेऊन बसला.

शालीत लेकीशेजारी आणखी एक वस्तू असायची, पाण्याची बाटली. नागुआजीच्या नियमानं बाळंतिणीला पाणी मोजूनमापून, घोटभर, तेही उकळून निम्मं केलेलं. नाहीतर म्हणे पोट सुटतं आणि लेकराला सर्दी होते. माझ्या अंगात ताप, तोंडाला कोरड, त्यात दूध पिळायचं. वाटीचा तळ झाकेल एवढंच निघायचं. दवाखान्यात सिस्टरनं भरपूर पी म्हणून सांगितलेलं, पण नागुआजी दारातच ठाण मांडून. मग रामलिंग बाहेरच्या माठातून बाटली भरायचा आणि लेकीबरोबर शालीत घालून आणायचा. जावयाच्या शालीत हात घालायची नागुआजीची काय बिशाद होती!

एक दिवस तो आंघोळीला गेला. लेक माझ्या शेजारी झोपलेली. माझाही डोळा लागला. जाग आली तर लेक शेजारी नव्हती. नागुआजीनं तिला उचलून तेल चोळलं होतं, धुरी दिली होती, कुंची घालून पाळण्यात निजवलं होतं आणि पाळण्याजवळ निखाऱ्याची शेगडी ठेवली होती. तिनं हे सगळं मायेनं केलं, हे मी आजही मान्य करते. सगळ्या लेकरांना तिनं असंच शेकलं होतं. पण ती लेकरं भरल्या दिवसांची होती. माझ्या लेकीच्या अंगावर मांसच नव्हतं, तर ऊब धरणार कशात?

आई दुधाची वाटी घेऊन आली. चमचा ओठांना लावला. दूध हनुवटीवरून खाली आलं. लेकीनं गिळलं नाही. आईनं तिच्या पायाला हात लावला आणि हात झटकन मागं घेतला.

"नागुकाकू, पाय बर्फावानी हायत लेकराचे."

"शेगडी जवळ घे," नागुआजी म्हणाली, पण तिचाही आवाज बदलला होता.

मी ओरडले. कशी ओरडले ते मला आठवत नाही. शेजारच्या साखराबाई सांगतात की त्यांच्या घरातलं मांजर पळालं. रामलिंग न्हाणीघरातून धावत आला, कमरेला लुंगी, अंग पुसत पुसत, डोक्यावरचं पाणी झटकत. समोर सासू. त्याची पावलं उंबऱ्यात थबकली.

आणि माझ्या आईनं, जिनं तीन वर्षांत जावयाच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं, लेकीची कुंची-झबलं काढून टाकलं, तिला उचललं आणि सरळ त्याच्या उघड्या छातीवर नेऊन ठेवलं. स्वतःच्या हातानं पट्टा आवळला. शाल सापडेना, तर डोक्यावरचा पदर काढून दोघांभोवती गुंडाळला आणि तशीच पदरानं बांधल्यासारखी त्याला चिकटून उभी राहिली. "बसा," ती म्हणाली. भिंतीला नव्हे, त्याला. "बसा बापू. हलू नका."

तो बसला. तीही बसली, पदर त्याच्याभोवती असल्यामुळं तिला दुसरीकडं जाताच येईना. आईचा हात पदराखाली लेकीच्या पायावर होता. मी आईच्या चेहऱ्याकडं बघत होते, कारण लेकीकडं बघायची मला भीती वाटत होती. बऱ्याच वेळानं आईचा चेहरा सैल झाला.

"आली," ती म्हणाली. "ऊब आली गं."

मग चमचा लावला तर लेकीनं मिटक्या मारत दूध गिळलं. माझा जीव भांड्यात पडला. नागुआजी शेगडी उचलून बाहेर घेऊन गेली आणि त्या दिवशी पुन्हा खोलीत आली नाही.

त्यानंतर घराचा कारभार बदलला. आई पाण्याचा भरलेला तांब्या उघडपणे माझ्या उशाशी ठेवायला लागली. ताप उतरला. वाटी अर्धी भरू लागली, मग पाऊण. दुपारी मीही लेकीला घ्यायची, दुखलं की रामलिंगकडं द्यायची. तिच्या मांड्यांना पहिली घडी पडली तेव्हा आईनं साखर वाटली.

सगळं चांगलं चाललं होतं, एक सोडून. लेक अंगावर पीत नव्हती.

मी रोज तिला लावायची. ती तोंड उघडायची, नुसतं टेकवायची आणि झोपून जायची. कधी दोनदा ओढायची, दमायची, रडायची. तिच्यासमोर दूध ठिबकत असायचं आणि ती उपाशी रडायची, मग पुन्हा वाटी, पुन्हा चमचा. माझी नणंद महानंदा वन्सं मुरुडहून फोनवर म्हणाल्या, "अगं, डबा आण पावडरीचा. किती हाल करून घेशील?" त्यांचं चुकत नव्हतं. डब्यावर वाढलेली चांगली गुटगुटीत लेकरं मी पाहिली आहेत. पण मला हे हवं होतं. सिझरनं तिला माझ्या पोटातून काढलं, काचेनं दूर ठेवलं, पिकलेल्या टाक्यांनी छातीवरून उतरवलं. आता एवढं एक तरी आमच्या दोघींचं व्हावं, असा माझा हट्ट होता. मी चिडायची, रामलिंगवर, आईवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मग रडायची. रामलिंग म्हणायचा, "शोधील ती. बाई म्हणल्यात ना, शोधील." मला त्याचं ते शांत राहणं असह्य व्हायचं.

अशात नागुआजीनं बारशाचा विषय काढला. बारावा दिवस दवाखान्यात गेला होता. लेकरू बिननावाचं किती दिवस ठेवायचं? थंडी ओसरेना, खोकला घरोघरी. आणि बारसं म्हटलं की पाळणा, पाळण्याच्या वरून खालून लेकरू या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात. मी साफ नाही म्हटलं.

"मंग नाव काय वाऱ्याला ठिवता?" नागुआजी कडाडली.

"नाव तिलाच ठेवायचं. पण ती पाळण्यात जाणार नाही. ह्यांच्या छातीवरच राहील."

"बायकांच्या बारशात गडी बसवती? आन् पाळण्यात काय घालती, तुजं डोस्कं?"

"वरवंटा," आई म्हणाली.

आम्ही सगळ्या तिच्याकडं बघायला लागलो. आमच्याकडं बारशाला लेकराच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून फिरवतात, लेकरू दगडासारखं टणक व्हावं म्हणून. आई म्हणाली, "हातोहात वरवंटाच फिरवायचा. लेकराला हात कुणी लावायचा न्हाई. आन् नागुकाकू, जावई बसल्यात म्हणून लेकरू हाय. त्यांनी न्हाई बसायचं तर मंग कुणी?"

नागुआजीनं पदर खोचला. मग विचारलं, "वरवंटा धुवून ठिवलाय का?"

मी त्याच दिवशी खणाचं कापड मागवलं. मशीनवर पाय मारता येत नव्हता, म्हणून बाजेवर बसून हातशिलाईनं रामलिंगसाठी बंडी शिवली. आतून मऊ सुती अस्तर, पुढं आडवा पट्टा, लेक नीट बसेल असा खोलगट भाग, आणि काठ छातीवर येईल असा फिरवला. खणाची बंडी घातलेला पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता. पण काम सुरेख झालं. मी माझ्या कामाची तारीफ करायला लाजत नाही.

बारशाच्या दिवशी दुपारी ओसरी बायकांनी फुलली. पाळणा फुलांनी सजवलेला, त्यात टोपडं घातलेला वरवंटा ऐटीत झोपलेला. पाळण्यासमोर पाटावर माझा नवरा, खणाच्या बंडीत, आणि बंडीतून फक्त लेकीची टोपी दिसतेय. त्याचे कान लाल झाले होते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीनं विचारलं, "कुंकू कुणाला लावायचं गं, आईला का बापाला?" आईनं ताठ मानेनं सांगितलं, "दोघांलाबी लावा."

वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला. घुगऱ्यांचं पातेलं भरून ठेवलेलं. मग महानंदा वन्सं नाव ठेवायला पुढं आल्या. आत्यानं लेकराच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. पण लेकराचा कान भावाच्या छातीवर! वन्सं गुडघ्यांवर बसल्या, वाकल्या, "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं, नीलांबिका. तेवढ्यात मागून बायकांचे धपाटे सुरू झाले. एकेका धपाट्याला वन्संचं कपाळ रामलिंगच्या खांद्यावर आपटत होतं आणि तो लेकीभोवती दोन्ही हातांची ढाल करून, "अक्का, हळू, अक्का, हळू" करत होता.

"नाव पोरीपक्षी जड झालं की," नागुआजी म्हणाली, आणि ओसरीभर हशा पिकला.

त्या हशातच रामलिंग एकदम ताठ झाला. त्यानं बंडीत खाली बघितलं. टोपी हलत होती. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. लेक तोंड वासून त्याच्या छातीवर डोकं आपटत होती. मग तिनं काहीतरी धरलं, आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता.

"साक्षी! ए साक्षी! शोधून राहिली ही! मलाच धरलं हिनं! अगं लौकर ये, लौकर!"

गावभरच्या बायका, सासू, आजेसासू, बहीण सगळ्यांसमोर तो माझं नाव घेऊन ओरडत होता आणि त्याला कशाचंही भान नव्हतं. मलाही नव्हतं. मी कधी उठले, टाके दुखले की नाही, काही आठवत नाही. त्यानं पट्टा सोडला, आईनं माझ्यापुढं साडीचा आडोसा धरला, लेक माझ्या हातात आली. ती रागानं लाल झाली होती. बापानं फसवलं म्हणून चिडली असावी. मी तिला लावलं. सुटलं. ती किंचाळली. मी तिची हनुवटी टेकवली आणि थांबले, सिस्टरनं शिकवलं होतं तसं, तोंड पूर्ण उघडेपर्यंत. तिनं जांभईएवढं तोंड उघडलं आणि धरलं. गच्च धरलं.

मग तिनं ओढलं. अशी ओढ लागली की माझ्या पाठीपासून काहीतरी सरसरत पुढं आलं. एक, दोन, आणि घोट. पुन्हा ओढलं, पुन्हा घोट. दुसऱ्या बाजूनं माझा ब्लाउज भिजला. मी रडत होते आणि हसतही होते, आणि कुणी काही म्हणायच्या आत मीच म्हणाले, "पितेय. माझी लेक पितेय."

नागुआजी आडोशाच्या आत शिरली. कान जवळ आणून ऐकू लागली. मग बाहेर डोकं काढून तिनं सगळ्या ओसरीला दम भरला, "गप बसा गं! पोरगी पिऊन राहिली. घोट ऐकू येऊ द्या मला."

ओसरी चिडीचूप झाली. इतक्या बायका आणि एकही बोलेना. त्या शांततेत माझ्या लेकीचे घोट ऐकू येत होते. आडोशापलीकडं रामलिंग उघड्या बंडीनं उभा होता आणि डोळे पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

शेवटी वन्सं दबक्या आवाजात म्हणाल्या, "पाळणा म्हणायचा राहिला की."

"म्हणा ना," मी म्हणाले. "पण हळू म्हणा. ती जेवतेय."

बायकांनी हळू आवाजात पाळणा सुरू केला. नीलांबिकेनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. एक बाजू संपवून तिनं तोंड सोडलं, मोठा श्वास घेतला आणि पुन्हा डोकं आपटायला लागली. मी तिला दुसऱ्या बाजूला घेतलं. तिनं तीही धरली.